डोंगरावर मी काय ओरडले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी आईला नाही, अकोल्यात शेजारणींना नाही, देवळात हात जोडूनही नाही — कारण देवीला काय सांगायचं, तिनं तर स्वतःच्या कानांनी ऐकलंय! तुम्ही ना माझ्या माहेरचे, ना सासरचे, म्हणून तुम्हाला लिहून सांगते आहे. वाचताना मनातल्या मनातही मला मध्येच अडवू नका, एवढंच. अडवलंत तर मी विषय बदलीन. तेवढी हुशारी माझ्यात आहे, वकिलाची मुलगी आहे मी.

आधी सोपं तेवढं सांगून टाकते. आमचे हे — माझे यजमान — आमच्या ओळखीपाळखीत भित्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. अकोल्यात, तेल्हाऱ्याला त्यांच्या गावी, अमरावतीला माझ्या माहेरीसुद्धा. अमेरिकेला गेले, तिथं पोराटोरांच्या खेळातल्या गाडीत बसले आणि "माय वो, वाचव मले" करत बायकोच्या पदराला लोंबकळले — ही गोष्ट आमच्याकडे लग्नामुंजीत पंगती उठेपर्यंत पुरते. लोक पोट धरून हसतात. तर ती गोष्ट खोटी आहे. हे ओरडले नाहीत. ओरडले ती मी. आणि ती गोष्ट रचली तीही मीच.

हुश्श. झालं अर्धं. पण हे अर्धं तसं सोपंच, नाही का? बायको घाबरली आणि नाव नवऱ्याचं घेतलं — त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. दुसऱ्या अर्ध्यापाशी यायला मला जरा वेळ लागणार आहे.

मी अमरावतीची. कॅम्पातल्या रस्त्यावरून सायकल हाणणाऱ्या पहिल्या चार-पाच मुलींतली मी एक. मामाच्या मळ्यातल्या विहिरीत भाऊ पायऱ्यांनी उतरायचे आणि मी काठावरून उडी टाकायची. कोर्टात बाबांची जीभ चालायची आणि घरात माझी. भीती म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही, असं मी चारचौघांत म्हणायची — आणि म्हणताना बघायची, कुणाकुणाचे डोळे मोठे झाले ते. असा तोरा.

हे अगदी उलटे. तेल्हाऱ्याचे, घरची काळी जमीन, वडील लहानपणीच गेलेले. सासूबाईंनी बटाई करून घेत, गड्यांवर ओरडत एकट्यानं शेती सांभाळली आणि या एका मुलाला शिकवलं. हे अकोल्याला कॉलेजात शेतकी शिकवायचे — कोणतं कॉलेज ते मुद्दामच सांगत नाही. कपाशीवरच्या किडीबद्दल विचारा, तासभर बोलतील. स्वतःबद्दल विचारा, "बरं आहे" म्हणतील आणि चष्मा पुसतील. पोरांच्या वसतिगृहाचे रेक्टरही तेच होते. पोरांवर कधी आवाज चढवला नाही, तरी पोरं ऐकायची. तेव्हा ऐकायची.

साठ सालानंतरची ही हकीकत. यांना कपाशीच्या अभ्यासासाठी वर्षभर अमेरिकेत राहायला मिळालं. शेवटच्या दोन महिन्यांसाठी बाबांनी मला तिकीट काढून दिलं. आमची नलू तेव्हा चार वर्षांची, तिला अकोल्यात, आमच्याकडेच राहायला आलेल्या सासूबाईंपाशी ठेवून मी गेले. लोकांनी तोंडात बोटं घातली — एवढुशी पोर टाकून निघाली पाहा! मी म्हटलं, घाला बोटं. मला जग बघायचं होतं. आणि खरं सांगू? बघून आल्यावर जगाला सांगायचंही होतं.

यांचे तिथले म्हातारे प्रोफेसर आणि त्यांच्या बाई फार भले. परतायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला मोटारीनं एका मोठ्या थोरल्या करमणुकीच्या बागेत नेऊन सोडलं. बाग कसली, गावच ते. पोरांसाठी बांधलेलं, पण निम्मी गर्दी म्हाताऱ्यांची. खोटा किल्ला, खोटी नदी, नदीत खरी नाव, माणसं बसतील एवढ्या मोठ्या कपबश्या आणि त्या गरागरा फिरतात! मी जरीकाठी पातळ नेसलेली, वरून यांचा कोट घातलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लोक किल्ला बघायचे सोडून मला बघत होते. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

मधोमध एक डोंगर होता, सिमेंटचा. माथ्यावर पांढरा रंग — म्हणजे बर्फ. मेळघाट पाहिलेल्या माणसाला हसू यावं असा. त्याच्या पोटातून बिनइंजिनाच्या छोट्या गाड्या वर चढायच्या आणि बाहेरून घरंगळत खाली यायच्या. हे म्हणाले, नको, आपण नावेत बसू. मी म्हटलं, अगदी भागूबाई आहात तुम्ही. एवढ्या दूर येऊन नावेतच बसायचं, तर पूर्णेच्या पुरातच नसतो का बसलो? त्यांचा हात धरून ओढतच नेलं. ओढतच — हे लक्षात ठेवा. त्यांची इच्छा नव्हती.

गाडीत एकापाठी एक बसायचं होतं. मी पुढं, हे माझ्या मागं, मला धरून. आधी आत अंधार, खडखड, गाडी वर चढते आहे आणि मी हसते आहे. मग एकदम उजेड — आणि खाली काहीच नाही! विहिरीत उडी टाकताना निदान आपण टाकतो ती. इथं मला कुणीतरी फेकलं होतं. डोळ्यांपुढं काळोख आला. गाडीचं चाक निखळलंय आणि आपण मेलो, याची मला पक्की खात्री पटली. गंमत म्हणून वाटलं नाही, खरंच वाटलं.

मी ओरडले. सगळेच ओरडत होते म्हणा, तिकडचे लोक हौसेनं ओरडतात. माझे शब्द त्यांना कुठून कळणार? त्या अख्ख्या डोंगरावर मराठी कळणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या पाठीला लागून बसला होता.

काय ओरडले ते सांगते. थोडं थांबा.

खाली उतरलो. यांनी मला बाकावर बसवलं. पदर सावर म्हणाले. कागदी पेल्यातून लिंबाचं थंडगार सरबत आणून दिलं. मी पिईपर्यंत समोरच्या झाडाकडं बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "चल, आता नावेत बसू." नावेत मी सारखी त्यांचं तोंड बघत होते. ऐकलं असेल का? वाऱ्यात विरलं असेल का? त्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. परतीच्या साऱ्या प्रवासात त्यांनी त्या डोंगराचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

आलो तेव्हा चैत्र लागलेला. अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, दुपारी पाखरूही बाहेर पडत नाही. पण सासूबाईंनी माझ्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला कॉलेजच्या आवारातल्या झाडून साऱ्या बाया बोलावल्या. सून अमेरिका पाहून आली होती ना! खिडकीला वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी मारलेलं, कैरीची डाळ, पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे. नवऱ्याला उदंड आयुष्य मागायला जमलेल्या पंचवीस-तीस सवाष्णी. मधे मी, राणीसारखी.

मी किल्ला सांगितला, कपबश्या सांगितल्या. मग डोंगर आला. तो गाळायला हवा होता, पण बढाई तोंडात आली की गिळवत नाही. सासूबाईंनी विचारलं, "काहून वो सूनबाई, भेव नाही लागलं का तुले?" तेवढ्यात हे पन्ह्याचा रिकामा पेला ठेवायला आत आले आणि एका शेजारणीनं त्यांनाच गाठलं, "भाऊजी, तुमीच सांगा खरं. वहिनी भेल्या का नाही?"

यांनी तोंड उघडलं. काय सांगणार होते, मला आजही माहीत नाही. कदाचित "नाही" म्हणाले असते. कदाचित नुसते हसले असते. पण मला त्या उघडलेल्या तोंडातून माझेच शब्द बाहेर येताना दिसले — तिथं, त्या सगळ्यांच्या देखत, हातात कुंकवाचा करंडा असताना! मी त्यांना बोलूच दिलं नाही. मी म्हटलं, अगंबाई, मी कशाला भिते? हेच ओरडले! "माय वो, वाचव मले" म्हणून असे ओरडले, की माझा पदर फाटायचा राहिला.

बाया हसून हसून लोळल्या. यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "हो बा. ओरडलो." आणि बाहेरच्या खोलीत गेले. त्या क्षणी मला कळलं की यांनी सगळं ऐकलंय. वाऱ्यात काही विरलं नव्हतं.

आता यातली मेख बघा. सगळ्या हसत होत्या, पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "सातासमुद्रापल्याड गेला, पण लेकराच्या तोंडी मायच आली," असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून ती गोष्ट त्यांची झाली. भाजीवालीला सांगितली, कासाराला सांगितली, तेल्हाऱ्याला भावकीत जाऊन सांगितली. ज्या मुलानं कधी तोंड उघडून माया दाखवली नाही, त्यानं मरणाच्या दारात त्यांना हाक मारली होती! उभ्या आयुष्यात एवढं सुख त्यांना दुसऱ्या कशानं झालं असेल, असं मला वाटत नाही. आता ते खोटं म्हणून कुणी सांगायचं? कुठल्या तोंडानं?

सासूबाईंसाठी गप्प राहिले, असं मी पुष्कळ दिवस मनाला सांगत असे. छान वाटायचं ते. पण तेही खोटंच. कारण पुढं वसतिगृहाचं झालं, तेव्हाही मी गप्पच होते.

गोष्ट पोरांपर्यंत पोचली. पोचणारच. हे संध्याकाळी हजेरी घ्यायला निघाले की वरच्या खिडकीतून कुणीतरी बारीक आवाजात "माय वो" करायचं. मग दुसऱ्या खिडकीतून. हे मान वर करून बघायचे नाहीत. गॅदरिंगला पोरांनी नाटुकलं केलं. एक पोरगा यांच्यासारखा चष्मा लावून उलट्या स्टुलावर बसला, दुसऱ्यानं पातळ नेसून पुढं बैठक मारली आणि मग तो चष्मेवाला त्याच्या पदराला लोंबकळून ओरडू लागला. मंडप हसण्यानं दणाणला. पहिल्या रांगेत आम्ही दोघं. हे हसल्यासारखं करत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

आणि मी? मी हसले. खोटं नाही, मोठ्यानं हसले. टाळ्या वाजवल्या. न हसून कसं चाललं असतं? लोकांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं असतं ना! शेजारी बसलेल्या या माणसाचा हात हातात घ्यावा, एवढंही मला सुचलं नाही.

पुढच्याच महिन्यात यांनी रेक्टरकी सोडली. वाचायला वेळ मिळेल, म्हणाले. आवारातला बंगला गेला. पुढं निंबाचं झाड होतं, नलूचा झोका होता त्याला. आम्ही गावात दोन खोल्यांत आलो. विभागप्रमुखाची जागा निघाली तेव्हा दुसऱ्याचं नाव पुढं गेलं. पोरांवर वचक नाही, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. सासूबाई गल्लीभर त्या लोकांना शिव्या देत फिरल्या. मी पोळ्या लाटत बसले. हे मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. न बोलणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

बरं, आता सांगते. फार लांबवलं.

गाडी खाली कोसळली तेव्हा मी अंबामायला हाक मारली. अमरावतीची पोर, दुसरं कुणाला मारणार? एरवी मी पुस्तकी मराठी बोलते, तेल्हाऱ्याच्या बोलीला नाकं मुरडते. पण त्या वेळी पोटातलं वऱ्हाडीच बाहेर आलं. मी ओरडले — "अंबामाय, न्यायचं तं यांले ने वो! मले ठेव!"

एकदा नाही. खाली येईपर्यंत दोनदा, तीनदा. यांले ने. मले ठेव. आणि ज्यांना ने म्हणत होते, त्यांचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती होते, मला घट्ट धरून.

लिहिलं एकदाचं! तुम्हाला खरं सांगते, रडू येईल असं वाटलं होतं, ते काही आलं नाही. उलट हसूच येतंय. इतकी वर्षं ज्या दोन वाक्यांना मी भीत होते, ती कागदावर एवढीशी दिसतात. छाती कशी मोकळी झाली म्हणून सांगू!

सासूबाई गेल्या साली गेल्या. शेवटपर्यंत ती गोष्ट सांगत, सुखानं गेल्या. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि दोन दिवसांनी दुपारी जेवताना नलूनं यांना विचारलं, बाबा, तुम्ही एवढे कसे हो घाबरट? अकरा वर्षांची झालीय आता, शाळेत मैत्रिणी तिला चिडवतात. मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हटलं, नलू, तुझे बाबा ओरडले नाहीत. ओरडले ती मी. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. नलू आधी यांच्याकडं, मग माझ्याकडं बघत राहिली. "मग बाबा, तुम्ही सांगितलं काहून नाही?" हे म्हणाले, राहून गेलं.

नलू हात धुवायला उठली तेव्हा हे माझ्याकडं न बघता, ताटातली मिठाची कणी बोटानं सरकवत बोलले. इतक्या वर्षांत प्रथमच. म्हणाले, "तू नलूसाठी म्हणाली असशील ते. दोघांतलं एक तरी तिच्यापाशी परत जावं म्हणून. मी तेव्हाच तसं समजलो होतो."

म्हणजे बघा — त्या झाडाकडं बघत उभे होते तेव्हाच या माणसानं माझ्यासाठी एक चांगलं कारण शोधून ठेवलं होतं. खिडक्यांतली ती "माय वो" ऐकताना, त्या मंडपात गुडघ्यांवर हात ठेवून बसताना, बंगला सोडताना ते त्याच एका कारणावर तगले असतील. आणि त्या दुपारी त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं होतं.

मी म्हटलं, हो. नलूसाठीच.

यांचा चेहरा असा काही उजळला! लग्नात पाहिला होता तसा. ताक मागून घेतलं, भात मागून घेतला. त्या संध्याकाळी आम्ही तिघं पायी राजेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आलो आणि वाटेत हे नलूला त्या खोट्या बर्फाचं, त्या कपबश्यांचं सांगत होते. सात वर्षांत पहिल्यांदा. घर हलकं झालंय तेव्हापासून. मीही हसते आहे, खाते आहे, झोपते आहे.

पण ते "हो" खरं नव्हतं. पहिलं खोटं घाबरून बोलले. हे मात्र शांतपणे, जेवता जेवता बोलले. त्या डोंगरावर मला नलू आठवली नाही. माझं चार वर्षांचं लेकरू अकोल्यात माझी वाट बघत होतं आणि ते मला एवढंसंही आठवलं नाही. मला फक्त मी हवी होते. त्या एका क्षणात देवीनं विचारलं असतं, बरं, पोरीलाही नेऊ का — तर मी काय म्हणाले असते, ते मला माहीत नाही.